ताण, संप्रेरके आणि घरबसल्या होणाऱ्या चाचण्या : नमुना देण्यापूर्वी काय ठरवावे

पुण्यात आज मोबाइलवरून वेळ ठरवली की दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेणारा तंत्रज्ञ दारात हजर होतो आणि बऱ्याच चाचण्यांचे अहवाल संध्याकाळपर्यंत हातात येतात. ज्येष्ठ नागरिकांना, लहान मुले असलेल्या आयांना आणि कामाच्या वेळा विचित्र असलेल्यांना ही सोय फार मोलाची आहे. मात्र तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला आहे. सतत थकवा, चिडचिड, झोप न लागणे, केस गळणे, पाळी मागे-पुढे होणे अशा तक्रारी सुरू झाल्या की अनेक जण 'स्ट्रेस हार्मोन' म्हणून कॉर्टिसॉलची चाचणी करून घेतात आणि अहवालातला आकडा हेच आपल्या ताणाचे माप असे धरून चालतात. मनावर किती ताण आहे हे सांगणारी रक्तचाचणी अस्तित्वात नाही. घरी होणाऱ्या चाचण्यांचा खरा उपयोग ताणासारखीच लक्षणे दाखवणारे आजार ओळखण्यासाठी किंवा वगळण्यासाठी होतो, आणि तोही नमुना योग्य वेळी व योग्य तयारीने दिला असेल तरच.

ताण आल्यावर शरीरात काय घडते

धोक्याची जाणीव झाली की मज्जासंस्था मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या आतल्या भागाला आदेश देते आणि काही सेकंदांत ॲड्रिनलिन रक्तात मिसळते. छातीत धडधडणे, तळहातांना घाम सुटणे, तोंडाला कोरड पडणे ही त्याची कामे. दुसरी साखळी याहून संथ असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्याच्या आदेशाने ॲड्रिनलच्या बाहेरच्या थरातून काही मिनिटांत कॉर्टिसॉल स्रवते. कॉर्टिसॉल यकृताकडून साखर तयार करवून घेते, रक्तदाब टिकवते आणि दाह आवरते. त्याला शत्रू मानणे योग्य नाही, कारण त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही.

चाचणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉर्टिसॉलची दिवसभराची लय. त्याची पातळी पहाटे चढू लागते, जाग आल्यानंतर साधारण ३० ते ४५ मिनिटांनी सर्वाधिक होते, दुपारनंतर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकी असते. रक्तातील कॉर्टिसॉल १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असे सकाळी आठ वाजता आले तर ते अगदी सामान्य असते, पण तोच आकडा रात्री अकरा वाजता आला तर डॉक्टर त्याच्यामागे लागल्यावाचून राहणार नाहीत.

दीर्घकाळच्या ताणाचे परिणाम इतर संप्रेरकांवरही होतात. प्रजननसंस्थेला चालना देणारे हायपोथॅलॅमसचे स्पंदन मंदावते आणि पाळी लांबते किंवा थांबते. ताणाला अपुरे खाणे, झपाट्याने कमी केलेले वजन किंवा अति व्यायामाची जोड मिळाली तर हे विशेष करून घडते. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, मेसचा एक वेळचा डबा दोन वेळा पुरवणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे तिन्ही घटक एकत्र येऊ शकतात, आणि 'परीक्षेचे टेन्शन आहे' म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होऊ शकते. पुरुषांमध्ये झोप तुटल्यास टेस्टोस्टेरॉन घटते. शिकागो विद्यापीठात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी खाली आली. ताणामुळे मधुमेहींची साखर वाढते, आणि प्रोलॅक्टिन हे दूध निर्मितीचे संप्रेरक तर इतके संवेदनशील आहे की सुई टोचण्याच्या भीतीनेही ते वर जाऊ शकते.

आधी वही, मग सुई

कोणतीही चाचणी नोंदवण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी, हा माझा आग्रह आहे. तिच्यात झोपण्याची व उठण्याची वेळ, पाळीची तारीख, सकाळचे वजन आणि घरात यंत्र असल्यास रक्तदाब व नाडी लिहावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटात, अंगावर किंवा नाकातोंडावाटे जाणारे प्रत्येक औषध लिहावे. बहुतेक लोक येथेच चुकतात, कारण ज्याला आपण औषध समजत नाही तेच अहवाल बिघडवते.

पहिले उदाहरण त्वचेच्या मलमांचे. खाज, नायटा किंवा चेहरा उजळवण्यासाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या अनेक मलमांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे जोरकस स्टिरॉइड असते. ते भरपूर प्रमाणात व दीर्घकाळ वापरल्यास त्वचेतून शोषले जाते आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल दाबून टाकते. दम्याचे पंप, सांध्यातील इंजेक्शने आणि सांधेदुखीवरच्या, घटक न छापलेल्या पुड्या यांचाही विचार करावा, कारण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भेसळ आढळलेली आहे. असे काही घेत असल्याचे लक्षात आले तरी ते एकाएकी बंद करू नये. दबलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही आणि अचानक औषध तोडल्याने जिवाला धोका होऊ शकतो. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

दुसरे उदाहरण बायोटिनचे. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते आणि अनेक लॅबमधील तपासणीच्या पद्धतीत ते अडथळा आणते. टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला आदेश देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) खोटेच कमी आणि टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) खोटेच जास्त दिसते, म्हणजे थायरॉईडचे काम वाढल्याचा आभास निर्माण होतो. नमुन्याच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवावे. तिसरे उदाहरण ॲसिडिटीच्या गोळ्यांचे : ज्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड जोडलेले असते, तिच्याने प्रोलॅक्टिन वाढते, आणि घरोघरी ती डॉक्टरांना न विचारता घेतली जाते. मानसिक आजारांवरील काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते, परंतु ती स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नयेत. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील वाहक प्रथिने वाढतात आणि एकूण कॉर्टिसॉल तसेच एकूण टी-३, टी-४ फुगलेले दिसतात. अशा वेळी थायरॉईडसाठी टीएसएच आणि 'फ्री टी-४' (प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी-४) मागावे. अश्वगंधा घेत असल्यास तीही नोंदवावी, कारण तिच्या सेवनानंतर थायरॉईडची पातळी बदलल्याच्या नोंदी आहेत.

कोणत्या तक्रारीसाठी कोणती चाचणी

थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ किंवा उलट धडधड, हातांना कंप आणि वजन घटणे अशा तक्रारी असतील तर टीएसएच ही पहिली चाचणी होय. तिला उपाशीपोटी असण्याची सक्ती नाही, पण टीएसएच रात्री व पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, म्हणून दर वेळी सकाळची साधारण तीच वेळ धरावी. थायरॉक्सिनची गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्यावी. ताप, डेंगी किंवा दवाखान्यात दाखल होण्याजोगा आजार अंगावर असताना, किंवा त्यातून नुकतेच बरे झाल्यावर, थायरॉईड तपासू नये; आजारपणात टी-३ घटते आणि टीएसएचही इकडेतिकडे होते. थकव्याची तक्रार असेल तर त्याच नमुन्यासोबत हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२ आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घेणे कॉर्टिसॉलपेक्षा कितीतरी उपयोगाचे असते. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि तिचा थकवा ताणाच्या खात्यावर जमा होतो.

पाळी चुकली असेल आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर सर्वांत आधी मेडिकलमधून आणलेल्या पट्टीने सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. हे पाऊल संकोचापोटी वगळले जाते आणि पुढच्या सगळ्या चाचण्या निरर्थक ठरतात. त्यानंतर टीएसएच आणि प्रोलॅक्टिन पाहावे. एफएसएच, एलएच (अंडाशयाला चालना देणारी पिट्युटरीची संप्रेरके) व इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) यांचा नमुना पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यावा. बीजमोचन झाले का, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडले का, हे पाहायचे असेल तर प्रोजेस्टेरॉन पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी तपासावे. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो, पण ३५ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रीने एकविसाव्या दिवशी रक्त दिले तर बीजमोचन होऊनही अहवाल 'नाही' असे सांगू शकतो.

पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत तपासावे आणि कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, मग व्यायामशाळेतील कोणी इंजेक्शनाचा सल्ला देत असले तरीही. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते, हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

आदली रात्र शक्यतो नेहमीसारखी झोपेची असावी. गणेशोत्सवाचे दहा दिवस, घरातील लग्नकार्य किंवा ऑफिसमधील वर्षअखेरीची धावपळ चालू असताना दिलेला नमुना त्या दिवसांचे चित्र दाखवतो, आपल्या नेहमीच्या प्रकृतीचे नव्हे. रविवारी पहाटे सिंहगड चढून आल्यावर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांच्या फेऱ्या मारून आल्यावर लगेच रक्त देऊ नये. जोराच्या व्यायामाने कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन दोन्ही वाढतात. उपाशीपोटी चाचणी असेल तर सकाळचा चहाही नको, साधे पाणी मात्र प्यावे. पाणी प्यायल्याने शीर सापडणे सोपे जाते.

तंत्रज्ञ येण्याच्या वेळेपूर्वी पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसून राहावे. सोसायटीच्या गेटवर रखवालदाराने त्याला अडवले म्हणून तीन मजले धावत उतरून गेलेल्या माणसाचे प्रोलॅक्टिन तपासण्यात अर्थ नाही. आदल्या रात्रीच गेटवर सांगून ठेवावे. प्रोलॅक्टिनसाठी जाग आल्यानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत, कारण झोपेत ते वाढलेले असते. त्यामुळे सहा वाजता उठणाऱ्याने साडेसहाची वेळ न घेता साडेआठ-नऊची घ्यावी.

तंत्रज्ञ आल्यावर त्याने सुई व नळ्या आपल्यासमोर पाकिटातून काढाव्यात, आणि रक्त घेतल्यानंतर लगेच, पलंगाशीच, प्रत्येक नळीवर नाव, वय आणि वेळ लिहावी किंवा चिकटवावी. बहुतेक संप्रेरकांचे रक्त पिवळ्या टोपणाच्या नळीत जाते, एचबीए१सीचे जांभळ्या टोपणाच्या आणि साखरेचे राखाडी टोपणाच्या. नावाची चिठ्ठी नंतर गाडीवर बसल्यावर लावतो असे कोणी म्हणाला तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. नमुना घेतल्याची खरी वेळ आपल्या वहीत लिहून ठेवावी, कारण अहवालावर कधी कधी लॅबमध्ये नोंद झाल्याची वेळ छापलेली असते. नळ्या थंड पेटीत ठेवल्या जातात का, हेही पाहावे. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास फिरलेल्या रक्ताला सुरक्षित म्हणता येणार नाही. एसीटीएचसारखी चाचणी तर घरून देऊच नये, कारण ते संप्रेरक लवकर नष्ट होते आणि नमुना बर्फात ठेवून तातडीने लॅबमध्ये पोहोचवावा लागतो. लॅब निवडताना ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का आणि हवी असलेली चाचणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे विचारावे.

लाळेची चाचणी आणि रात्रपाळी

रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते, तर लाळेत त्याचा मोकळा अंश उतरतो. त्यामुळे रात्री अकरा-बाराच्या सुमारास घरीच घेतलेली लाळ कुशिंग या, शरीरात कॉर्टिसॉल अति होण्याच्या, आजाराच्या तपासणीसाठी खरोखर उपयोगी पडते, आणि डॉक्टर ती साधारणतः दोन वेगवेगळ्या रात्री मागतात. नमुन्यापूर्वी अर्धा तास खाऊ-पिऊ नये आणि दात घासू नयेत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या रात्री नमुना देऊ नये. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांपासून दूर राहावे. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणे किंवा त्याचा काढा घेणे चालू असेल तर ते आधी थांबवून डॉक्टरांना सांगावे. ज्येष्ठमधातील द्रव्य कॉर्टिसॉल निष्प्रभ करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखते, आणि लाळेतला आकडा त्यामुळे वाढतो.

हिंजवडी किंवा खराडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. समजा, एखादी तरुणी पहाटे चारला घरी येते, पाचला झोपते आणि दुपारी बाराला उठते. पॅकेजमध्ये कॉर्टिसॉल आहे म्हणून ती सकाळी सातला अर्धवट झोपेतून उठून रक्त देते. लॅबच्या संगणकाला ही नेहमीची सकाळची वेळ वाटते, पण तिच्या शरीराच्या घड्याळात ती मध्यरात्र असू शकते, आणि कामाची पाळी दर पंधरवड्याला बदलत असेल तर ते घड्याळ कोठेच स्थिर नसते. अशा व्यक्तीच्या रात्रीच्या लाळेचा अहवालही भरवशाचा नसतो. तिने डॉक्टरांना कामाच्या पाळीचे वेळापत्रक दाखवावे. गरज भासल्यास ते २४ तासांच्या लघवीची किंवा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चाचणी सुचवतील, जिची गोळी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घ्यायची नसते.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात : एलएचची पट्टी लघवीतील उसळी दाखवते आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीजमोचन होते, परंतु पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या स्त्रियांत एलएच मुळातच जास्त असल्याने पट्टी वारंवार खोटी आशा दाखवते. रजोनिवृत्तीसाठीची एफएसएच पट्टी चाळिशीनंतरच्या अनियमित वर्षांत फारशी विश्वासार्ह नाही, कारण त्या काळात एफएसएच महिन्या-महिन्याला बदलते.

अहवाल आल्यावर

लॅबची सामान्य मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात अशी ठरवलेली असते, म्हणून वीस चाचण्यांच्या पॅकेजमध्ये एखादा आकडा ठळक अक्षरांत येणे हे पूर्णपणे निरोगी माणसाच्या बाबतीतही अपेक्षित आहे. टीएसएच ४ ते १० यांच्या दरम्यान आणि फ्री टी-४ सामान्य असेल तर, गरोदरपण किंवा गर्भधारणेचा विचार नसल्यास, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे हा मान्य मार्ग आहे. पुष्कळांचे ते आपोआप उतरते. प्रोलॅक्टिन थोडेसे वाढलेले असल्यास औषधे, थायरॉईड आणि गरोदरपण पाहून, शांतपणे बसून, पुन्हा एकदा नमुना द्यावा. पिट्युटरीचा एमआरआय ही पहिली पायरी नव्हे.

'ॲड्रिनल फटिग' असे निदान सांगून महागड्या पुरवणी गोळ्या विकणाऱ्यांपासून दूर राहावे. संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटना या नावाचा आजार मानत नाहीत, आणि अशा काही पुरवण्यांत ग्रंथींचा अर्क किंवा स्टिरॉइड असू शकते. ॲड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा आहे, आणि क्षयरोग हे त्याचे एक कारण आहे. वजन झपाट्याने घटणे, उठल्यावर चक्कर येणे, उलट्या, मीठ खावेसे वाटणे, हिरड्या व तळहातांच्या रेषा काळवंडणे ही त्याची चिन्हे आहेत. याच्या उलट पोटावर जांभळट रुंद चट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, गोल होत गेलेला चेहरा आणि जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ नसणे ही जास्त कॉर्टिसॉलची चिन्हे आहेत. यांपैकी काहीही असल्यास घरच्या चाचणीत वेळ घालवू नये. ससून रुग्णालयात केस पेपर काढून किंवा ओळखीच्या फिजिशियनमार्फत संप्रेरकतज्ज्ञांना भेटावे. नियमित पाळी सलग तीन महिने न आल्यास, किंवा बाळंतपण नसताना स्तनांतून दूध आल्यास, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

सगळे अहवाल सामान्य आले आणि तरीही झोप, भूक व उत्साह परतत नसेल, तर त्रास खोटा आहे असे कोणी म्हणू नये, घरच्यांनी तर मुळीच नाही. चिंता आणि नैराश्य यांचे निदान डॉक्टर बोलून आणि प्रश्न विचारून करतात. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून तिथे मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना केवळ शेवटचा अहवाल न नेता वही, औषधांची वेष्टने आणि जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत. पुन्हा चाचणी करायची झाल्यास तीच लॅब आणि तीच वेळ ठेवावी, आणि थायरॉक्सिनचा डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे होईपर्यंत टीएसएच तपासू नये.